तीन माशांचे शहर



शाळेच्या कपाटात नकाशांचे एखादे जुने पुस्तक असेल तर ते काढा, धूळ झटका आणि हॉलंडचे पान उघडा. देशाच्या उत्तर भागात एक मोठे सरोवर दिसेल. त्याच्या पश्चिम काठावर जमीन पाण्यात पुढे घुसली आहे. तेथे अगदी टोकाला, बारीक अक्षरांत, एक नाव छापलेले असते : एंकहाऊझेन. आज तेथे साधारण १९ हजार माणसे राहतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही याहून अधिक वस्ती सापडते. परंतु १६२२ साली हॉलंड प्रांतात डोकी मोजली गेली तेव्हा या गावात सुमारे २१ हजार माणसे भरली होती आणि रॉटरडॅममध्ये त्याहून कमी, साडेएकोणीस हजार! तेच रॉटरडॅम आज युरोपातले सर्वांत मोठे बंदर आहे, आणि एंकहाऊझेन मात्र चारशे वर्षांपूर्वीच्या आपल्याच आकड्याला अजून पोहोचलेले नाही.

इतक्या दूरच्या गावाची हकिकत तुम्हाला सांगण्याचे कारण काय, असे तुम्ही विचाराल. कारण एवढेच की या गावाची भरभराट ज्या भांडवलावर झाली, त्यातले काही आपल्या किनाऱ्यावरून गेलेले आहे. मी सोन्याचांदीबद्दल किंवा मिरीबद्दल बोलत नाही. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मी एका कारकुनाने गोव्यात भरलेल्या वह्यांबद्दल बोलतो आहे.

पण प्रथम माशाकडे वळू. एंकहाऊझेनच्या शिक्क्यावर तीन मासे आहेत. हा मासा म्हणजे हेरिंग, आपल्या तारलीच्या कुळातला. तारली खाल्लेल्या माणसाला हे सांगायला नको की तेलकट मासा लवकर नासतो. उत्तर समुद्रात हेरिंगचे थवेच्या थवे येत, पण पकडून किनाऱ्याला आणीपर्यंत त्यांची माती होई. त्यावर नेदरलँड्सच्या कोळ्यांनी तोड काढली. लहान सुरीने एका हिसक्यात कल्ले व आतड्यांचा बराचसा भाग काढायचा, मासा मिठात घोळवायचा आणि पिंपात रचून पिंप घट्ट बंद करायचे. आणि हे सारे काम समुद्रावर, होडीच्या फळीवरच करायचे. त्यासाठी 'बाऊस' नावाचे रुंद पोटाचे गलबत बांधले गेले. ते आठवडेच्या आठवडे समुद्रावर राही. ते गलबत म्हणजे तरंगता कारखानाच होता म्हणा. असा खारवलेला मासा वर्षभर टिकतो आणि दूरदेशी विकता येतो. ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे, मासा चाले. म्हणून गिऱ्हाईकही कायमचे.

आता या धंद्याला काय काय लागते ते पाहा. पिंपांना लाकूड हवे, ते बाल्टिक समुद्राकडून येई. मीठ हवे, ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणि पोर्तुगालमधील सेतूबालच्या मिठागरांतून येई. म्हणजे मासा विकणाऱ्या माणसाला आपोआप अर्धा युरोप पालथा घालावा लागला. मीठ आणायला पोर्तुगालला गेलेले जहाज रिकाम्या जागेत लिस्बनहून मिरी, दालचिनी भरून घेऊ लागले. मसाल्याच्या व्यापाराची पहिली चव या लोकांना मिठामुळे लागली, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते. या गावाला शहराची सनद चौदाव्या शतकाच्या मध्यास मिळाली. त्यानंतरची दोनशे वर्षे मीठ, मासा, लाकूड आणि धान्य यांतच गेली. बंदराच्या तोंडाशी १५४० साली एक भक्कम बुरूज उभा राहिला. त्याचे नाव ड्रोमेदारिस, म्हणजे एका मदारीचा उंट! थंड पाण्याच्या काठी उंटाच्या नावाचा बुरूज. तो आजही उभा आहे. मालाचे वजन करण्याची १५५९ सालची इमारतही शाबूत आहे.

त्या काळी नेदरलँड्सवर स्पेनच्या राजाचा अंमल होता. कर, परकी फौज आणि धर्मावरून होणारा छळ यांना कंटाळून लोकांनी बंड केले. १५७२ च्या मे महिन्यात एंकहाऊझेनने उघडपणे बंडाची बाजू घेतली. अ‍ॅमस्टरडॅम तेव्हा, आणि पुढे १५७८ पर्यंत, स्पेनच्याच बाजूला होते. म्हणजे या लहान बंदराने मोठ्या शेजाऱ्याचे नाक दाबले. ऑक्टोबर १५७३ मध्ये एंकहाऊझेन, होर्न आणि आसपासच्या गावांनी मिळून स्पॅनिश आरमाराचा पराभव केला आणि त्याचा सेनापती काउंट बोसू याला कैद केले. लुटीची वाटणी झाली, त्यात त्याची तलवार एंकहाऊझेनच्या वाट्याला आली.

लढायांचे वर्णन येथे थांबवतो. खरी गोष्ट पुढे आहे.

१५८० साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. साहजिकच लिस्बन हे आता शत्रूचे बंदर ठरले. १५८५ साली त्याने आपल्या बंदरांतली डच जहाजे जप्त करविली. पुढेही असे प्रकार होत राहिले. मीठ धोक्यात, मिरीही धोक्यात. तेव्हा व्यापाऱ्यांच्या मनात आले की मिरी जेथे पिकते तेथेच आपण का जाऊ नये? विचार सोपा होता, पण वाट कोणाला ठाऊक होती? हिंदुस्थानकडे जाण्याचा मार्ग, वारे, प्रवाह, खडक, बंदरांच्या खुणा या सगळ्यांची माहिती पोर्तुगीजांनी शंभर वर्षे आपल्या मुठीत ठेवली होती.

येथे मी जरा आडवाटेला जातो, वाचकांनी क्षमा करावी. पोर्तुगीजांना तरी ही वाट कोणी दाखविली? १४९८ साली वास्को द गामाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदी येथे एक वाटाड्या घेतला आणि त्याच्या जोरावर तो कालिकतला पोहोचला. तो वाटाड्या म्हणजे थोर अरब नाविक अहमद इब्न माजिद असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत. तो कोणी गुजराती नाविक असावा असे बहुतेकांचे मत आहे. इब्न माजिदचे मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस नौकानयनावर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. सांगायचे ते इतकेच की हिंदी महासागराची विद्या अरब, गुजराती, कोकणी, मलबारी नाविकांची होती. ज्याला इंग्रजीत 'मान्सून' म्हणतात तो शब्दसुद्धा अरबी 'मौसिम'. तो पोर्तुगीजांच्या तोंडी गेला, तेथून डचांच्या व इंग्रजांच्या. आपण मराठीत 'मोसम' म्हणतो तो हाच.

आता एंकहाऊझेनकडे परत येऊ. योगायोग म्हणा किंवा बंदराच्या हवेचा गुण म्हणा, एकाच काळात या गावात अशी चार माणसे होती की ज्यांनी समुद्र कागदावर उतरविला.

पहिला लुकास वाखेनार. हा जहाजावरचा वाटाड्या होता. स्पेनपासून बाल्टिकपर्यंतच्या किनाऱ्यावर तो फिरला, प्रत्येक बंदराची खोली मोजली, समुद्रावरून किनारा कसा दिसतो त्याची चित्रे काढली, आणि १५८४ साली ते सारे नकाशांच्या ग्रंथरूपाने छापले. खलाशाच्या हाती छापील नकाशांचे असे पुस्तक येण्याची ही पहिलीच वेळ. इंग्रजांनी लगेच १५८८ साली त्याचे भाषांतर केले, आणि पुढे कितीतरी वर्षे इंग्रज खलाशी कोणत्याही सागरी नकाशांच्या पुस्तकाला 'वॅगनर' म्हणत राहिले. माणसाचे नाव वस्तूला लागावे यापेक्षा मोठा मान कोणता? पण मित्रांनो, हा मान पोट भरीत नाही. वाखेनार १६०६ साली वारला तेव्हा त्याची परिस्थिती हलाखीची होती.

दुसरा डिर्क गेरित्झ पोम्प. हा लहानपणी लिस्बनला गेला, तेथून गोव्याला, आणि पोर्तुगीजांच्या नोकरीत तोफखान्यावर काम करीत चीन-जपानपर्यंत जाऊन आला. गावात परतल्यावर लोक त्याला 'डिर्क चायना' म्हणू लागले. तिसरा गावचा वैद्य, डॉक्टर पालुदानुस. हा इजिप्त व शामकडे फिरून आलेला विद्वान. त्याच्या घरी जगभरच्या शिंपल्या, बिया, दगड, वनस्पती, कपडे, भांडी यांचा एवढा संग्रह होता की तो पाहायला राजेरजवाडे येत. १५९१ साली लायडनच्या विद्यापीठाने त्याला आपल्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुखपद देऊ केले होते, पण तो गाव सोडून गेला नाही.

आणि चौथा आपला कारकून, यान हाउखेन व्हान लिन्शोटेन. त्याचा जन्म १५६३ च्या सुमारास हार्लेम येथे झाला. बंडाच्या धामधुमीत त्याचे कुटुंब एंकहाऊझेनला येऊन राहिले. त्याचे भाऊ व्यापारासाठी स्पेनमध्ये होते. १५७९ च्या डिसेंबरात हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घर सोडून त्यांच्याकडे निघाला. स्पेनमध्ये आणि पोर्तुगालमध्ये राहून त्याने तिकडच्या भाषा शिकून घेतल्या. पुढचे सारे या भाषांमुळे घडले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. गोव्याला नवे आर्चबिशप व्हिसेंती दा फोन्सेका निघाले होते. त्यांच्या पदरी त्याला हिशेबनिसाची जागा मिळाली. ८ एप्रिल १५८३ रोजी जहाज लिस्बनहून सुटले व २१ सप्टेंबरला गोव्यास लागले. तेव्हा लिन्शोटेन वीस वर्षांचा होता.

पाच वर्षांहून अधिक काळ तो गोव्यात राहिला. हे गोवे म्हणजे आजचे पणजी नव्हे. मांडवीच्या काठी, आत, आज ज्याला जुने गोवे म्हणतात ते. १५१० पर्यंत विजापूरच्या आदिलशाहीतले बंदर, नंतर पोर्तुगीजांची पूर्वेकडील राजधानी. लिन्शोटेन फार फिरला नाही. गोव्याच्या आसपासची थोडी ठिकाणे सोडली तर बाकी सर्व त्याने इतरांना विचारून लिहिले. पण त्याची विचारण्याची हातोटी काय वर्णावी! शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे. तेथे अरबी घोडे, गालिचे, मोती, औषधे, मेलेल्या माणसांच्या घरचे सामान आणि जिवंत माणसे, गुलाम म्हणून, एकाच बोलीत विकली जात. तो रोज पाहत असे आणि लिहीत असे. कोणते नाणे कितीला मोडते, सराफ खोटे नाणे कसे ओळखतो, खंबायतचे वाणी हिशेबात किती तरबेज, चौलला रेशमाचे काम कसे चालते, दाभोळचे बंदर कोठे, कोणता वारा कोणत्या महिन्यात सुरू होतो, आंबा कसा, फणस कसा, विड्याचे पान कसे खातात. काही म्हणून सोडले नाही.

आपल्या लोकांची जहाजे तेव्हा पोर्तुगीजांच्या परवान्याशिवाय समुद्रात जाऊ शकत नसत. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या हाजींच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. प्रत्यक्ष अकबर बादशहाच्या घरची मंडळीही त्यातून सुटली नाहीत. पोर्तुगीजांचा हा दरारा सगळे पाहत होते. लिन्शोटेनने दराऱ्याच्या आत पाहिले. अधिकारी लाचखाऊ आहेत, तीन वर्षांची नेमणूक पैसा करण्यासाठीच वापरतात, किल्ल्यांची डागडुजी होत नाही, एकमेकांत वैर आहे. हे सर्व त्याने टिपून ठेवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोर्तुगीज व स्पॅनिश वाटाड्यांच्या मार्गदर्शक वह्या त्याने मिळविल्या व उतरवून घेतल्या. याला चोरी म्हणावे की अभ्यास? मी निकाल देत नाही. पोर्तुगीजांनी ती विद्या जशी घेतली, तशीच ती त्यांच्याकडून गेली.

त्याचे लिखाण सर्वस्वी निर्मळ होते असेही समजू नका. आपल्या देवळांचे आणि मशिदींचे त्याने वर्णन केले, चित्रेही दिली. पण ती समजून घेण्याची इच्छा त्यात फारशी नाही. बाजारात उघडे असलेले त्याचे डोळे प्रार्थनास्थळासमोर मिटत. येथल्या माणसांना त्याने शेकडो प्रश्न विचारले असतील, पण उत्तर देणाऱ्या तांडेलाचे, वाण्याचे किंवा माळ्याचे नाव पुस्तकात शोधले तर हाती क्वचितच काही लागते. पोम्पचे नाव आहे. तो त्याच्या गावचा होता.

१५८८ मध्ये बातमी आली की युरोपला निघालेले आर्चबिशप वाटेत वारले. आधार संपला. १५८९ च्या आरंभी लिन्शोटेन कोचीनहून परत निघाला. वाटेत अझोर बेटांवर दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडला, आणि सप्टेंबर १५९२ मध्ये, घर सोडल्यास जवळजवळ तेरा वर्षे झाल्यावर, एंकहाऊझेनच्या धक्क्यावर उतरला. सोबत वह्या होत्या.

यापुढे गावाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. वह्या पेटीत पडून राहिल्या नाहीत. अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लाझ या प्रकाशकाने त्या छापायला घेतल्या. वैद्य पालुदानुस याने फळे, झाडे, औषधे यांवर आपल्या टिपा जोडल्या. चित्रकारांनी तांब्याच्या पत्र्यांवर चित्रे व नकाशे कोरले. त्यात गोवे शहराचा एक मोठा नकाशा आहे, गल्लीबोळांसकट. जलमार्गांचा भाग १५९५ साली आधी छापला, कारण जहाजे थांबायला तयार नव्हती. त्याच वर्षी २ एप्रिलला कॉर्नेलिस दे हाउटमन चार जहाजे घेऊन निघाला. त्याच्याजवळ ही माहिती होती. लिन्शोटेनचा सल्ला असा की मलाक्काच्या सामुद्रधुनीत पोर्तुगीज बसले आहेत, तेव्हा तिकडे जाऊ नका; सुंदा सामुद्रधुनीने जावाला जा, तेथे त्यांचा पहारा नाही. हाउटमन तसाच गेला आणि १५९६ च्या जूनमध्ये बांतमला पोहोचला. १५९७ साली जहाजे परतली तेव्हा सुमारे अडीचशे माणसांपैकी नव्वदही जिवंत नव्हती, नफाही बेताचाच. पण वाट खुली झाली होती. 'इतिनेरारियो' या नावाने संपूर्ण ग्रंथ १५९६ साली बाहेर पडला. दोन वर्षांत इंग्रजी आणि जर्मन, मग लॅटिन, मग फ्रेंच भाषांतरे झाली. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली निघाली, डचांची १६०२ साली. या दोन्ही कंपन्यांच्या लोकांनी हे पुस्तक चाळून चाळून जीर्ण केले असणार.

डच कंपनीची सहा शहरांत सहा दालने होती. त्यांपैकी एक एंकहाऊझेन. एकूण सुमारे ६४ लाख गिल्डर भांडवल जमले. त्यात अ‍ॅमस्टरडॅम आणि झीलँड यांच्या खालोखाल या गावाचा वाटा होता : सुमारे ५ लाख ४० हजार गिल्डर. कोळ्यांच्या गावाने इतका पैसा उभा करावा हे नवल आहे. कंपनीच्या सतरा संचालकांत अ‍ॅमस्टरडॅमचे आठ आणि एंकहाऊझेनचा एक. व्यापारात अ‍ॅमस्टरडॅमचा निम्मा हिस्सा आणि एंकहाऊझेनचा सोळावा. घातलेल्या पैशाच्या मानाने हा हिस्सा कमीच, पण गावात गोद्या उठल्या, जहाजे बांधली जाऊ लागली, घरांवर कोरीव दगड चढले. १६२५ साली बांधलेल्या एका मोठ्या घराला पुढे 'मिरीघर' हेच नाव पडले. आधी खर्च, मागून लाभ, अशा अर्थाची म्हण त्याच्या दर्शनी भागावर कोरलेली आहे.

खर्च कोणाचा, हे मात्र तेथे कोरलेले नाही. एंकहाऊझेनचा जवळचा शेजारी होर्न. तेथला यान पीटर्सझोन कून हा कंपनीचा गव्हर्नर-जनरल झाला. जायफळाचा मक्ता हवा म्हणून त्याने १६२१ साली बांदा बेटांवर स्वारी केली. तेथले मुसलमान रहिवासी हजारोंच्या संख्येने कापले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम करून नेले गेले. बेटांची मूळ वस्ती जवळजवळ नाहीशी झाली आणि जायफळाच्या बागांत गुलाम आणून बसवले गेले. होर्नच्या चौकात कूनचा पुतळा १८९३ सालापासून आहे. त्याच्या खाली या कत्तलीचा उल्लेख करणारी पाटी यायला २०१२ साल उजाडावे लागले. एक कारकून बाजारात उभा राहून जायफळाचा भाव लिहितो, आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्या लिहिण्याच्या वाटेने तोफा येतात. लिन्शोटेन १६११ सालीच वारला होता. त्याने हे पाहिले नाही.

आपल्या किनाऱ्यावरही ती वाट आली. १६३६ पासून डच आरमार पावसाळा सरला की मांडवीच्या तोंडाशी येऊन गोव्याची कोंडी करू लागले. त्याला अन्नपाणी, लाकूडफाटा मिळावा म्हणून १६३७ साली आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्याला डचांनी वखार घातली. कोंडी १६४४ पर्यंत चालली. मलाक्का १६४१ साली पडले, कोचीन १६६३ साली. पोर्तुगीजांचे कार्ताझ गेले आणि त्यांच्या जागी डचांचे परवाने आले. हाजींच्या तांडेलाला फक्त कागदावरचा शिक्का बदललेला दिसला असेल.

येथे एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या दर्यावर्दी झाले. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, जंजिरा या भागांतील मुसलमान कुटुंबांतून नाखवे, तांडेल, सारंग, खलाशी निघाले. गलबतांवर गेले, पुढे आगबोटींवर गेले. लिन्शोटेनने जे पाच वर्षांत विचारून लिहिले ते या मंडळींना तोंडपाठ होते. मग आपले पुस्तक कोठे आहे? लिहीतच नव्हते असे म्हणता येणार नाही. कच्छच्या मालमांच्या हस्तलिखित पोथ्या सापडल्या आहेत; त्यांत ताऱ्यांच्या उंच्या आहेत, बंदरांची अंतरे आहेत, किनाऱ्याची चित्रे आहेत. अरबांच्या 'रहमानी' नावाच्या मार्गदर्शिका तर प्रसिद्धच आहेत. पण या पोथ्या बापाकडून मुलाकडे गेल्या, छापखान्याकडे गेल्या नाहीत. एंकहाऊझेनला वैद्य, वाटाड्या, कारकून आणि प्रकाशक एका मेजाशी बसले. आमच्याकडे तांडेल एका आळीत, मौलवी दुसऱ्या आळीत आणि कारकून तिसऱ्या; आणि छापखाना मुलखातच नाही! (गोव्यात १५५६ पासून होता, पण तो मिशनऱ्यांच्या हातात.) आज आपल्या किनाऱ्याचा सोळाव्या शतकातला बाजारभाव पाहायचा तर आपल्याला एका डच पोराचे पुस्तक उघडावे लागते. याचा राग त्याच्यावर काढून काय उपयोग?

एंकहाऊझेनच्या वैभवाची अखेर फार गाजावाजा न होता झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांशी युद्धे झाली आणि हेरिंगच्या बाऊसा शत्रूच्या तोंडी सापडू लागल्या. मोठी जहाजे अ‍ॅमस्टरडॅमकडे वळली. बंदरात गाळ साचत गेला. श्रीमंत घराणी निघून गेली. १७९५ साली माणसे मोजली तेव्हा ती सात हजारांच्याही आत होती. ३१ डिसेंबर १७९९ रोजी कंपनीच बुडीत निघून बंद झाली. रिकामी घरे पाडून विटा विकल्या गेल्या. तटबंदीच्या आत, जेथे खलाशांच्या आळ्या व्हायच्या होत्या किंवा होत्या, तेथे गुरे चरू लागली. त्या भागाला 'शेतकऱ्यांचा कोपरा' असे नाव आहे, आणि शहराच्या तटाच्या आत शेतघरे आजही आहेत. पालुदानुसचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १६५१ साली, एका जर्मन ड्यूकने विकत नेला. त्यातल्या काही वस्तू आता कोपनहेगनला आहेत.

पण गाव मेले नाही. त्याच चिकण मातीत भाजीपाल्याचे आणि फुलांचे बी तयार करण्याचा धंदा निघाला, आणि आज जगभर विकले जाणारे बियाणे या भागातून जाते. १८८५ साली रेल्वे आली. १९१६ च्या मोठ्या पुरानंतर सरकारने समुद्राचे तोंडच बांधायचे ठरविले. २८ मे १९३२ रोजी तीस किलोमीटरचा बांध पुरा झाला आणि खारा समुद्र गोड्या पाण्याचे सरोवर बनला. तुमच्या नकाशातले निळे सरोवर ते हेच. हेरिंग गोड्या पाण्यात येत नाही. शेकडो कोळी कुटुंबांचा धंदा गेला. त्यांच्या होड्या, जाळी, घरे नाहीशी होऊ नयेत म्हणून १९४८ साली एंकहाऊझेनला एक संग्रहालय स्थापन झाले आणि १९५० साली ते मिरीघरातच उघडले. १९८३ पासून शेजारी उघड्या जागेवर एक अख्खे गावच उभे आहे : ठिकठिकाणची कोळ्यांची घरे सोडवून, आणून, पुन्हा बांधलेली. शहराच्या शिक्क्यावर तीन मासे अजून आहेत.

पुढच्या सुट्टीत वेंगुर्ल्याकडे जाणे झाले तर बंदराच्या रस्त्याने डच वखार विचारा. कोणीही दाखवील. जाड भिंतींचे अवशेष उभे आहेत, आत झाडे वाढली आहेत. सोबत वही असू द्या.